कोटांच्या खुंट्यांजवळचं टेबल

आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना पक्कं माहीत होतं, की अर्डिस क्वामच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवरा गेल्यापासून तिला वाटतं, कुणीतरी आपल्याला जेवणातून विष घालणार. म्हणून तर बुधवारच्या जेवणाला चर्चच्या तळघरात येते ती स्वतःचा डबा घेऊन, कोटांच्या खुंट्यांजवळच्या छोट्या टेबलावर एकटीच बसते, आणि जवळून कुणी चमचा घेऊन गेलं तरी डब्यावर हात ठेवते.

ही बातमी लावोन ब्रेक्केबाईंची. ब्रेक्केबाई नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्य शेवटी उचलून सोडून देतात: "मी काही म्हणत नाही हंऽऽ? पण बघवत नाही गंऽऽ?" (माझी ही नक्कल ऐकून एकदा त्यांच्या नवऱ्याने भांडी घासता घासता "आलो, आलो" अशी ओ दिली होती.)

विषाबिषाचं काही खरं नाही. क्वामबाईंना सीलिॲक आहे. गहू, जव, राय, यांतलं कुठलंही धान्य पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आतलं अस्तर झिजवून टाकतं. त्यावर औषध नाही. गहू सोडायचा, कणभरसुद्धा खायचा नाही, जन्मभर.

आता आमच्याकडे कुणी खायला दिलं की दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. पहिल्याच वेळी हो म्हटलं तर हावरट. मग क्वामबाईंचं खरंखुरं 'नको' कुणाला कसं कळणार?

"केक घे, अर्डिस."

"नको, खरंच नको."

"एवढासा तुकडा गं!"

"मला चालत नाही, लावोन."

"पुरे तुझा संकोच!" आणि केक ताटात.

मर्ल क्वाम गेले तेव्हा दफनानंतर याच तळघरात सगळं गाव हॅम घातलेले पाव खात होतं, आणि त्यांची बायको खुंट्यांवरच्या ओल्या कोटांआड उभी राहून उकडलेलं अंडं खात होती. मी माझा कोट घ्यायला गेले म्हणून दिसली. मी कोट न घेताच परत आले.

त्याच हिवाळ्यात ब्रेक्केबाईंनी खास त्यांच्यासाठी हॉटडिश केला. बटाटे, खिमा, फरसबी, वरून विकतच्या डब्यातलं मशरूम सूप, आणि सगळं भट्टीत. "मैद्याचा कण नाही, देवाशपथ!" मर्लनंतर क्वामबाईंसाठी म्हणून कुणी काही शिजवलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच वेळी हो म्हटलं. दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या बसवर दुसराच चालक आला, कारण बस चालवतात क्वामबाई, आणि त्या न्हाणीघराच्या फरशीवर पडून होत्या. डब्यातलं सूप मैदा लावून दाट करतात.

"सूप म्हणजे काय मैदा आहेऽऽ?" ब्रेक्केबाई रडल्याच. मग क्वामबाईंनी डबा आणायला सुरुवात केली, आणि डब्यावरून विषाची गोष्ट निघाली.

बसमध्ये पहिली चढते मी. पुढच्या शेतापर्यंत आम्ही दोघीच असतो, आणि क्वामबाई एरवी आरशातून फक्त "खाली बस" म्हणतात. गेल्या जानेवारीत मात्र मी चढले, तेव्हा त्या एक गोळी गिळून वर बिस्किट चावत होत्या.

"गव्हाचं आहे," त्या आरशाला म्हणाल्या.

मी किंचाळले.

"ओरडू नकोस, सिग्नी. इस्पितळानंच दिलंय."

शहरातल्या इस्पितळात नव्या गोळीची चाचणी चालली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती खडूची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नाही. गहू मात्र सगळ्यांनी रोज मोजून खायचा. आधी आणि नंतर घशातून नळी घालून आतड्याचा चिमटीएवढा तुकडा काढून बघणार.

"आणि गोळी लागू पडली की पिझ्झा?"

"छे. चुकूनमाकून पोटात गेलेल्या कणांपुरतीच आहे ती." बस वळली. स्टेअरिंग सरळ करत त्या म्हणाल्या, "तेवढी पुरे. लावोनच्या टेबलावर बसता येईल."

"बिस्किट कसंय?"

"पुठ्ठा. पण काय सुंदर पुठ्ठा!"

वसंतात त्यांची चाचणीची बिस्किटं संपली. त्या एकही दिवस रजेवर गेल्या नव्हत्या, म्हणून मी छातीठोक म्हटलं, "तुम्हाला खरीच मिळाली असणार."

"खडूची," क्वामबाई म्हणाल्या.

"काहीतरी चांगलं बोला की!"

"पैज लाव."

हरणाऱ्याने बुधवारी तळघरात, जिंकणारा सांगेल त्याची नक्कल करायची. क्वामबाई हरल्या की त्यांना ब्रेक्केबाई करायला लावायच्या, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

निकाल कळला तो शेतं बर्फाने पांढरी झाल्यावर. मी बसमध्ये चढले आणि क्वामबाई म्हणाल्या, "खडू."

माझा चेहरा पडला. त्या हसत होत्या. त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघत होते.

"अगं, ते सगळे दिवस पोट आतून सोलल्यासारखं होत होतं. स्टेअरिंगवर ओणवी होऊन चालवलीय ही बस. ती खरी गोळी असती, तर मग संपलंच होतं ना! आता निदान खरी कशी असते ते बघायचं राहिलंय. पुढच्या चाचणीला नाव दिलंय मी."

म्हणजे मी सगळा उन्हाळा त्यांच्या विरुद्ध बाजूला उभी होते.

बुधवारी मी हॅम-पावाचं ताट हातात घेऊन खुंट्यांजवळ गेले. मागे सगळे वळून बसले होते, ब्रेक्केबाई तर खुर्चीसकट.

"कुणाची करू?"

"माझी."

मी तोंड उघडलं. मला पाद्री येतात, मुख्याध्यापक येतात, ब्रेक्केबाईंचं कुत्रंसुद्धा येतं. क्वामबाईंचं माझ्याकडे काय होतं? एक 'नको' आणि एक 'खाली बस'.

"येत नाही," मी म्हटलं.

"माहीत होतं. मग ऐकून शीक."

त्या टेबलाला दुसरी खुर्चीच नव्हती. मी भट्टीजवळची ओढत आणली आणि बसणार, तेवढ्यात त्यांनी डब्यावर हात ठेवला.

"आधी तो पाव तिकडे ठेवून ये."