हातोडा वार्सिनीबाईंच्या हातात

आमच्या मिठागराच्या गावातल्या सरकारी शाळेत वार्सिनीबाई जीवशास्त्र शिकवायच्या. मी शेजारच्या वर्गावर चित्रकलेला. बाईंचं लग्न झालं नव्हतं, घरी म्हातारा बाप, आणि तोंड फटकळ.

स्टाफरूममध्ये मुलांच्या मोबाइलचा नियम झाला तेव्हा त्या एकट्याच विरोधात बोलल्या. पहिल्यांदा सापडला तर आठवडाभर जप्त, दुसऱ्यांदा सापडला तर सोमवारी झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर फोडायचा, असं मुख्याध्यापक हार्तोयो सरांनी सांगितलं.

"जप्त करा, आईबापांना बोलवा," बाई म्हणाल्या. "फोडायचा कशाला? गृहपाठ तर आपण मोबाइलवरच पाठवतो!"

सर हसले. "बाईंना एवढी कळकळ आहे, तर शिस्तीचं काम बाईंकडेच द्या."

सगळे हसले. बाईंनी चिडून हो म्हटलं.

दोन वेळा सापडलेली पहिली मुलगी रेत्नो. बाप मासेमारीच्या बोटीवर, आई पार्तिना मासे वाळवायच्या शेडमध्ये. घरात मोबाइल एकच.

"बाई, आज बाबांची बोट बंदराला लागणार आहे, त्यांचा फोन येईल," रेत्नो रडत म्हणाली. "आईचे हात दिवसभर खाऱ्या पाण्यात, म्हणून मी आणला. आवाज बंदच ठेवला होता हो!"

बाई सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "एकीला सोडलं की उद्या शंभर येतील."

सोमवारी बाईंनी हातोडा घेतला. पहिल्या घावाला नुसती काच तडकली. सर मागून हळूच म्हणाले, "नीट मारा." बाईंनी नीट मारला. रेत्नो रांगेत मान खाली घालून उभी होती. एक शिक्षक स्वतःच्या मोबाइलवर हे सगळं टिपत होते. नियम मुलांपुरताच होता.

त्यानंतर रेत्नोचे गृहपाठ येईनात. कसे येणार? पुढे तीच यायची थांबली.

महिन्याभराने शिक्षण कार्यालयातल्या एका साहेबांचा मुलगा, ब्रामांत्यो, दुसऱ्यांदा सापडला. परीक्षा चालू असताना खेळ खेळत होता. सोमवारी बाई हातोडा घेऊन मैदानात आल्या, तर सर म्हणाले, "त्याचा मोबाइल माझ्या केबिनमध्ये आहे. वडील घेऊन जातील."

"आणि रेत्नोचा?"

"बाई, वाद नको."

बाईंनी तो हातोडा नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला, चहाच्या पेल्याशेजारी. "आता तुम्हीच फोडा," म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

त्याच आठवड्यात रेत्नोचा मोबाइल फुटतानाचा व्हिडिओ गावभर फिरला. मग जिल्हाभर. त्यात फक्त बाई दिसत होत्या. अनोळखी लोकांनी त्यांना राक्षसीण म्हटलं. म्हाताऱ्या बापाला मशिदीतून परतताना पोरांनी "हातोडेवाले आजोबा" म्हणून चिडवलं.

चौकशीला शिक्षण कार्यालयातून एक साहेब आले. हार्तोयो सर शांतपणे म्हणाले, "नियमात 'योग्य ती कारवाई' एवढंच आहे. फोडा असं मी कधीच सांगितलं नाही. बाईंचा स्वभाव जरा तापट."

स्टाफरूममधले सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. मी "सरांनीच सांगितलं होतं" म्हणालो. साहेबांनी मला विचारलं, "तुमची नोकरी कंत्राटी ना?" आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याला केला.

बाईंची बदली बेटावरच्या शाळेत झाली. बापाला बोटीचा प्रवास झेपणार नव्हता. त्याला बहिणीकडे ठेवावं लागलं.

जाण्याआधी त्या पार्तिनाच्या शेडवर गेल्या. मी सोबत होतो. रेत्नो आईशेजारी बसून मासे चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. बाईंनी स्वतःचा जुना मोबाइल पुढे केला.

"घ्या. पोरीला शाळेत पाठवा. मला सरांनी भाग पाडलं, ताई. मी नको म्हणत होते."

पार्तिनाने सुरी थांबवली नाही. "हातोडा कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग सरांचं नाव मला कशाला सांगता?"

बाईंनी मोबाइल तिथल्या फळीवर ठेवला. आम्ही रस्त्याला लागलो तोच मागून रेत्नो धावत आली, तो मोबाइल बाईंच्या हातात कोंबला आणि परत गेली. तिच्या बोटांवरचे माशांचे खवले काचेवर चिकटले होते. बाई बोटीच्या धक्क्यापर्यंत ते ओढणीने पुसत राहिल्या.