वकिलाचा कागद

शाईच्या पॅडचा वास आला की जानेफळची ती दुपार आठवते. शहरातल्या वकिलांच्या एका फर्मनं गरीब मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलायचं ठरवलं होतं, आणि माझा अर्ज घेऊन शाळेतले सर घरी आले होते. 'वकील' ऐकताच आईनं हात पदराखाली घेतला. "सर, वकिलाचा कागद घरात आला का काही ना काही घेऊनच जाते. मागं वावर गेलं, आता पोरगी जाईन." "अवो, हे देणारे वकील आहेत," सर हसले. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तिनं अंगठा उमटवला आणि शाई केसांना पुसत, माझ्याकडे न पाहता चुलीपाशी जाऊन बसली. आज मी त्याच फर्ममध्ये वकील आहे. आई गेल्यापासून गावच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे असते.