व्हेहेमेंट निषेधाचं पत्र

बदलापुरात आमच्या इमारतीत दिवेलागणीच्या सुमारास एक वास येतो. सडकी अंडी आणि जळकं रबर एकत्र उकळल्यासारखा. तोंडात घास असेल तर थुंकावासा वाटतो. माझ्या खालच्या मजल्यावर चार वर्षांची एक मुलगी राहते. वास सुटला की तिला धाप लागते. मग तिची आई खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबते आणि तिला मांडीवर घेऊन वाफेचं मशीन लावून बसते. तिचे वडील उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात असतात, ते उशिरा येतात. वास कुठल्या कंपनीतून येतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायचं ठरलं आणि रविवारी सगळे खाली पार्किंगमध्ये जमले. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पत्र लिहायचं माझ्याच गळ्यात पडलं. पत्र इंग्रजीतच हवं, नाहीतर साहेब लोक वाचत नाहीत, अशी आमच्या सेक्रेटरींची ठाम समजूत. मुलीला कडेवर घेऊन तिची आई माझ्याजवळ आली.

"मॅडम, कंपनीचं नाव टाका हां नक्की. डॉक्टर बोललेत, असंच चालू राहिलं तर पोरीला इथून हलवा. मी कुठे हलवू सांगा."

मी पाच ओळी लिहिल्या. वास कधी येतो, कुठल्या कंपनीतून येतो, मुलीला काय होतं. वाचून दाखवल्यावर सेक्रेटरींनी तोंड वाकडं केलं. हे गृहस्थ अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. "मॅडम, यात फोर्स नाही," म्हणाले आणि मोबाईलवर बोट फिरवून त्यांनी एक शब्द काढला. व्हेहेमेंट.

चांगला शब्द आहे, मी वर्गात शिकवलेला. माणूस एखाद्या गोष्टीला पोटतिडकीनं विरोध करतो, तावातावानं नाकारतो, जीव तोडून बाजू मांडतो, तेव्हा तो वापरायचा. त्याच्या मागे माणूस लागतो आणि माणसाच्या पोटात काहीतरी पेटलेलं लागतं. नुसतं मोठ्यानं बोलणाऱ्याला तो शोभत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सेक्रेटरींनी माझ्या हातून कागद घेतला आणि व्हेहेमेंट निषेध, व्हेहेमेंट विनंती करत करत शेवटी व्हेहेमेंट वाससुद्धा लिहिला. वासाला व्हेहेमेंट म्हणत नाहीत, असं मी म्हटलं. "पण जोराचाच येतो ना मॅडम?" असं कुणीतरी मागून म्हणालं आणि लोक हसले. मी पण हसले, कारण तोवर मला वाटत होतं की विशेषणं काय, कितीही घाला.

मग त्यांनी कंपनीच्या नावावर काट मारली.

मी कारण विचारलं तर कुणी माझ्याकडे बघेना. आम्ही ज्या बाकांवर बसलो होतो त्यांच्या पाठीवर 'सौजन्य' असं रंगवलेलं आहे आणि खाली त्याच कंपनीचं नाव. नवरात्राचा मंडप त्यांचा, गेटवरची कमान त्यांची. "आपल्याला संबंध बिघडवायचे नाहीत," सेक्रेटरी म्हणाले. "परिसरातील काही उद्योग असं लिहू. भाषा कडक आहेच." हात वर करून मत घेतलं. नाव ठेवा म्हणणारे दोनच हात, माझा आणि त्या आईचा. तिचा एक हात मुलीखाली अडकलेला, म्हणून तिनं दुसरा वर केला. बाकीचे बायाबाप्ये, ज्यांच्या घरात तोच वास शिरतो आणि ज्यांची पोरं तेच हुंगतात, ते बुटांकडे बघत बसले. मला त्या माणसांची शिसारी आली. वासाची सुद्धा एवढी कधी आली नव्हती.

एकटीनं वेगळं पत्र देते म्हटलं, तर सोसायटीचा शिक्का नसेल तर घेणार नाहीत म्हणाले. ते मी ऐकून घेतलं. त्या पत्रावर सही मात्र केली नाही. दुसऱ्या दिवशी ते जाड कागदावर छापून आलं आणि रवाना झालं. जो तो मोबाईलमध्ये त्याचा फोटो घेऊन नातेवाइकांना पाठवत होता. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला सांगायचा, काय सणसणीत झालंय हो पत्र.

मंडळाचं उत्तर यायला पावसाळा उलटला. सेक्रेटरींनी मला खाली बोलावून घेतलं आणि चारचौघांत ते वाचून दाखवलं. आपल्या व्हेहेमेंट भावनांची नोंद घेतली आहे, तथापि पत्रात कोणत्याही कंपनीचा उल्लेख नसल्यानं कार्यवाही करता येत नाही.

"बघा मॅडम, आपलाच शब्द त्यांनी वापरला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. नोटीस बोर्डावर लावायला टाचण्या कुणाकडे आहेत, अशी विचारपूस सुरू झाली. मला तिथं उभं राहणं नको झालं.

एवढ्यात त्या मुलीची आई खाली आली. खांद्याला मोठी बॅग, हातात वाफेचं मशीन, तोंडावर ओढणी बांधलेली मुलगी पुढे. मुरबाडकडे माहेर आहे, तिथं पोरीला ठेवायचं ठरलं होतं. बाहेर रिक्षा थांबली होती. सेक्रेटरींच्या हातातला कागद बघून ती थांबली.

"उत्तर आलं मॅडम? काय म्हणतात?"

"कुठली कंपनी, ते पत्रात नाही म्हणतात," मी सांगितलं.

तिनं एकेकाकडे पाहिलं. तिनं मशीन खाली ठेवलं, मुलीची सुटलेली ओढणी पुन्हा नाकावर घट्ट बांधली.

"आता इथं राहू नको बेटा," ती मुलीला म्हणाली, "इथल्या कोणाला काही माहीत नाही."