शेततळ्यातली मरळ आणि धोंड्याचा जावई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मी मध्ये थांबणार नाही. तशी माझी आयुष्यातली चुकांची यादी लांबलचक आहे. पण अर्ध्या दिवसात अर्धं तळं रिकामं करणारी चूक त्यात एकच आहे. आणि ती मी पायातल्या चपला काढून केली, हे आधीच सांगून ठेवतो. चपलांचं का सांगतोय ते पुढे कळेल.

मी नांदेडला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्यांवरची धूळ पुसायची, आतलं औषध बदलायचं, विद्यार्थ्यांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. वीस वर्षं बाटलीतल्या माशांकडे बघून माझ्या डोक्यात एकच किडा शिरलाय. हा जिवंत असताना काय विचार करत असेल? समोरून दोन घास गेले तर हा खायचा आणि तो सोडायचा, हे कशावरून ठरवत असेल? एकदा आमच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही."

म्हणून मी गळ टाकायला लागलो. खाण्यासाठी नव्हे. मासा धरायचा, त्याचं तोंड उघडून बघायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. माझी बायको मंगल म्हणते, "सोडायचाच असतो तर धरून कशाला राहिलात?" 

शिवाय वेळ कुठाय? रविवारी सकाळी सहा ते आठ, गोदावरीच्या काठावर. आठ वाजले की मंगलचा फोन येतो आणि मासे सोडून मी भाजीच्या पिशव्या धरतो. दोन तासांत मिळणार काय, तर बोटाएवढे मासे. त्यांचं तोंड बघायला भिंग लागतं.

अशात एक दिवस मोबाईलवरच्या एका व्हिडिओत एक परदेशी माणूस भेटला. त्यालाही बिचाऱ्याला वेळ कमी, नोकरी, बायको, पोरं. पण धरतो काय, तर वासराएवढ्या तोंडाचे मासे. त्याचं म्हणणं सोपं होतं. वेळ थोडा असेल तर लहान आमिष टाकून लहान माशांच्या नादी लागायचं नाही. मोठा मासा दहा लहान घासांमागे पळत नाही, तो एकच मोठा घास बघतो. तेव्हा आमिष मोठं टाका, खऱ्या माशासारखं पोहणारं टाका आणि धीर धरा.

मला ते इतकं पटलं की मी रबराचा मासा मागवला. वीतभर लांब, चार ठिकाणी सांधे, रोहूसारखे खवले रंगवलेले, पोटाखाली तीन-तीन आकड्यांचे दोन गळ. पाण्यात ओढला की शेपूट अशी हलवायचा की बघत राहावं. बादलीत पोहवून बघितला, तर आमची धाकटी मुलगी पोळीचा तुकडा घेऊन त्याला खाऊ घालायला आली. तिची फसगत झाली म्हणजे माशाची होणारच, असं माझं शास्त्र.

आता हा टाकायचा कुठं? तर नेमका धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुतात, धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. माझी सासुरवाडी अहमदपूरच्या अलीकडे, लातूर जिल्ह्यात. मेहुणा बालाजी फोनवर म्हणाला, "दाजी, लवकर या. आपल्या शेततळ्यात लई मोठी मरळ हाय. मी सोडलेली रोहूची पिल्लं खाऊन राहिली."

मरळ म्हणजे माशांतला वाघ. मी गळाच्या रॉडची घडी घालून सासूबाईंच्या साडीच्या पिशवीत लपवली. मंगलनं ती पिशवी उचलून बघितली आणि नुसतं एवढंच म्हणाली, "साडी लई टणक दिसतीय."

शेततळ्याबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे माझा गुन्हा नीट कळेल. सासऱ्यांची माळावर दोनशे मोसंबीची झाडं आहेत. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उचलून तळ्यात भरायचं आणि उन्हाळाभर ते थेंबाथेंबानं झाडांना पुरवायचं. तळाला आणि चारी उतारांना जाड काळं प्लॅस्टिक अंथरलेलं आहे. सगळे त्याला कागद म्हणतात. कागद आहे म्हणून पाणी आहे आणि पाणी आहे म्हणून मोसंबी आहे. पाऊस यायला तीनेक आठवडे होते आणि उरलेलं पाणी झाडांना तेवढेच दिवस पुरणार होतं. सासरे रोज सकाळी कोपऱ्यातल्या पाईपवर रंगानं मारलेले पट्टे मोजायचे. तळ्याच्या बांधावर त्यांनी पाटी लावली होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. देवळासमोर असते तशी.

धोंड्याच्या दिवशी सकाळी सासरे आंबे आणायला अहमदपूरला गेले. सासूबाई आणि मंगल पुरणात गुंतल्या. बालाजीनं मला तळ्यावर सोडलं आणि तो डेअरीला दूध घालायला गेला. माझ्या हातात बरोबर दोन तास होते.

पाटी वाचली. चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या. कागदाला धक्का लागू नये म्हणून अनवाणी, अगदी बोटांवर चालत काठाशी गेलो. आणि मग सहा आकड्यांचा तो रबरी मासा जोर लावून पाण्यात फेकला.

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं.

व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, मोठा मासा खाली असतो. घाई करू नका, आमिष तळाला घासत घासत आणा. मी घासत घासत आणलं.

पाचव्या की सहाव्या फेकीला दोरा ताठ झाला. रॉड कमानीसारखा वाकला. समोरचा काही केल्या धावत नव्हता, नुसता जड. ओढला की हातभर यायचा, ढिला सोडला की हातभर परत जायचा.  एवढी ताकद, आणि एवढा शांतपणा! वीस वर्षांत असा मासा बाटलीतसुद्धा बघितला नव्हता. तेवढ्यात पाण्यावर बुडबुडे आले, एक, दोन, मग भराभर. मरळ हवा घ्यायला वर येते, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो. म्हटलं, आली, दमली.

मी दोरा पंज्याला गुंडाळला, दोन्ही पाय रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. खाली काहीतरी फर्रकन सुटल्यासारखं झालं, मासा दोन हात पुढे आला, पुन्हा अडला आणि दोरा तुटला. मी बांधावर सपशेल बसलो.

गेला. पण केवढा होता! मी त्या आनंदात चपला तिथेच विसरून घरी आलो.

दूध घालून बालाजी आला तेव्हा त्याला कोपरापर्यंत हात दाखवून म्हटलं, "एवढा तरी असंल."

बालाजीनं ते माप चौकात जाऊन खांद्यापर्यंत नेलं. दहा वाजता बांधावर निम्मं गाव. कुणी म्हणे मगर असंल, कुणी म्हणे मगरीला कागदावर चालता येत न्हाई. आंब्याची पेटी घेऊन सासरे परतले ते थेट तळ्यावरच. मीही मागोमाग गेलो. त्यांना पहिल्यांदा दिसल्या त्या चपला.

"ह्या कुणाच्या?"

"दाजींच्या," बालाजी म्हणाला.

"बघा," सासरे गावाला म्हणाले, "शेरात राहून माणसाला किती समज हाय. न्हाई तर तुम्ही, बुटासकट वर चढता."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मीही नम्रपणे जमिनीकडे बघितलं. मग सासऱ्यांची नजर पाईपवर गेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"सकाळी पाणी चौथ्या पट्ट्याला होतं. हे तिसऱ्याला कसं आलं?"

खालच्या बाजूनं शेजारचे दिगंबरराव धावत आले. "आबा, तळं फोडलं का तुम्ही? माझी कडब्याची गंज खालून भिजून राहिली."

सासऱ्यांचा पारा चढला. "म्हंजी पाणी तुझ्या रानात चाललंय! खालून पाईप घातलास तू. मोसंबीवर तुझा डोळा पयल्यापासून हाय."

"माझा कडबा भिजतोय आन् मलाच चोर म्हणता?"

प्रयोगशाळेतला माणूस मी. कारण आणि परिणाम यांचा संबंध मला कळतो, जरा उशिरा कळतो एवढंच.  आधी ते जड ओढणं आठवलं, ते पुढे येणं आणि मागे जाणं आठवलं, बुडबुडे आठवले. मरळ कुठली? मी सासऱ्यांचं तळं ओढत होतो.

"मामा, मला जरा बोलायचं होतं."

"तुम्ही बसा जावईबापू. धोंड्याच्या दिवशी जावयानं भांडणात पडायचं न्हाई. अरे, पाव्हण्यांना बाज टाका रे सावलीत."

लिंबाखाली बाज आली. मी बसलो, पुन्हा उठलो. "मामा, त्या कागदाचं..."

"सरबत द्या त्यांना. उन्हानं बेजार झाले."

सरबत आलं. सरबत हातात असताना कबुली द्यायची कशी? मी ते गटागटा प्यायलो, तर लगेच दुसरा ग्लास आला. तिकडे संशयितांची यादी वाढत होती. आधी खेकडे, मग घूस, मग कागद विकणारा दुकानदार. पण सासरे फिरून फिरून दिगंबररावांवरच यायचे.

"आजपासून तुझं-माझं बोलणं बंद. उद्या तहसीलला अर्ज देतो."

"खुशाल द्या. मला बिलकुल फिकीर न्हाई," दिगंबरराव म्हणाले, पण ते बांधावरून उतरले नाहीत. चाळीस वर्षं बांधाला बांध लावून राहिलेली ही दोन माणसं.  पाणी दुसऱ्या पट्ट्याकडे निघालं होतं. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी उठलो, ग्लास बाजेवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "मामा, कागद..."

"आबा, मासा!" बालाजी ओरडला. "लई मोठा मासा, कडेला पडलाय बघा!"

उतरलेल्या पाण्यातून एक शेपूट वर आली होती. चिरेतून पाणी आत शिरत होतं आणि त्या धारेत ती शेपूट झकास हलत होती. पूर्ण सकाळ इतकी चांगली पोहली नव्हती. बालाजी चप्पल काढून, विजार गुडघ्यावर घेऊन उतारावरून घसरत खाली गेला आणि त्यानं माशावर झडप घातली.

"हा तर रबराचा हाय," तो खालून म्हणाला. "आन् कागदात रुतलाय. कागद हातभर फाटलाय, आबा."

"मी फाडला," मी म्हणालो. चार शब्द आधी बोललो असतो तर कबुली ठरली असती. आता ती नुसती माहिती होती.

 बालाजीनं मासा सोडवून वर आणला. सासऱ्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, एकेक सांधा वाकवून बघितला, पोटाखालचे आकडे बोटानं मोजले.

"ह्यानं मासा घावतो?"

"मोठा घावतो म्हणतात."

"दिसलं," सासरे म्हणाले. मग ते दिगंबररावांकडे वळले.  "दिगंबर, चुकलं माझं. जेवायला थांब."

"जेवतो की," दिगंबरराव म्हणाले. "कडबा वाळंल, आबा. माझ्या हिरीला अजून पाणी हाय. पाऊस येईस्तोर दिवसाआड मोटार लावू, झाडं मरायची न्हाईत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जावई मातर तुमचा तुम्हीच ठेवा."

चीर उताराच्या मध्यावर होती. पाणी तिच्या खाली गेलं आणि आपोआप थांबलं. तळं बरोबर अर्धं उरलं. आणि त्या अर्ध्या तळ्याच्या मधोमध एकदम काहीतरी काळं वर आलं. हातभर लांब, चपटं डोकं. तिनं निवांत हवा घेतली आणि ती खाली गेली. मरळ! खरी मरळ!

खोटं कशाला सांगू, एक क्षण मी सगळं विसरलो. ही बया सकाळपासून तिथेच होती. हिच्यासमोरून मी तो मासा सहा वेळा नेला. हिनं बघितला असेल? वास घेतला असेल? हा नको, असं कशावरून ठरवलं असेल? मी भान विसरून म्हणालो, "हिचं तोंड एकदा बघायला मिळालं असतं तर..."

निम्म्या गावानं माझ्या तोंडाकडे बघितलं. एक म्हातारे म्हणाले, "तिला बालाजी रोहूची जित्ती पिल्लं चारतो. ती कशाला तुमचं रबर खाईल?" वीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर असं एका वाक्यात मिळालं, आणि तेही परीक्षेला न येणारं.

घरी आलो. सासूबाईंना बातमी आधीच पोहोचली होती. मंगल माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे नांदेडला पोहोचल्यावर बघणार होती. पण धोंडा तो धोंडा. मला पाटावर बसवलं, दिवा लावला, पायांखाली परात ठेवली. सासऱ्यांनी धोतराचा सोगा सावरून माझे पाय परातीत घेतले. चपला न घातलेले, मातीनं बरबटलेले तेच पाय. माझी मान वर होईना.

सासूबाई तांब्या वाकवणार, तेवढ्यात सासऱ्यांनी त्यांचा हात धरला.

"पाणी जरा जपून वत," ते शांतपणे म्हणाले. "जावई आलेत."