दहाचा वाटा

अर्थशास्त्रात मी नापास झाले तेव्हा घरात कुणालाच वाईट वाटलं नाही, आणि नापास होण्यापेक्षा मला त्याचाच जास्त राग आला. नवरा म्हणाला, "एकच विषय तर राहिलाय, पुढच्या वर्षी बघू." त्याला पुढचं वर्ष स्वस्त होतं, मला नव्हतं. उधव्याजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका होते. पदवी असली तर खात्याची परीक्षा देऊन मुख्यसेविका होता येत होतं. मग मानधन नाही, पगार. पण त्याला वयाची अट होती, आणि माझं वय त्या अटीच्या उंबरठ्याशी येऊन उभं होतं. मुक्त विद्यापीठाचे बाकी सगळे पेपर सुटले होते. मी अडकले होते ती मागणी आणि पुरवठा या दोन शब्दांत.

ही गोष्ट २०१६ सालची. रविवारी डहाणूला वर्ग असायचा. तलासरीला गाडी बदलायची, मिळाली तर जागा, आणि मांडीवर पुस्तक. डहाणूच्या अलीकडचं आशागड आलं की पुस्तक पिशवीत टाकायचं. तोवर नियम तोंडपाठ झालेला असायचा: किंमत वाढली की मागणी कमी होते, किंमत उतरली की मागणी वाढते, इतर परिस्थिती स्थिर असताना. सगळं नीट चाललेलं असायचं आणि हे शेवटचं शेपूट आलं की माझं डोकं फिरायचं.

"सर, इतर परिस्थिती स्थिर म्हणजे काय?" मी एकदा विचारलं.

सर घाटावरचे होते, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, आणि फार चांगले. "म्हणजे लोकांचं उत्पन्न, आवडनिवड, हवामान, यातलं काहीच बदलत नाही असं धरायचं, ताई."

"पण ते तर रोज बदलतं."

"बदलतंच. पण आपण गृहीत धरायचं."

वर्गातले बाकीचे माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. आमच्या पाड्यावर कुणाची परिस्थिती कधी स्थिर राहिली असेल तर ती फक्त भिंतीवरच्या फोटोतल्या माणसांची. सरांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "पुस्तक ठेवा बाजूला. तुमच्या आठवडी बाजारात जा. एकच वस्तू धरा. तिची किंमत दर आठवड्याला बघा, आणि गिऱ्हाईक किती येतं ते बघा. आलेख आपोआप निघेल."

मी सुकट धरली. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. किनाऱ्यावरच्या चिखल्याची एक मावशी दर बाजाराला पाटी भरून ती उधव्यापर्यंत आणायची. प्लास्टिकचा कागद अंथरायची, त्यावर सुकटीचे छोटे छोटे ढीग मांडायची. एक ढीग म्हणजे एक वाटा. काटा नाही, माप नाही. माझं तिच्याकडचं गिऱ्हाईकपण जुनं होतं, त्यामुळे शेजारी बसून बघायला संकोच वाटला नाही.

पहिल्या बाजाराला वाटा दहाचा. पुढच्या बाजाराला दहाचा. होळी आली, गेली, तरी दहाचाच. मे महिन्यात डोक्यावर ऊन घेऊन गेले, तेव्हाही मावशी एका गुजराती बाईला सांगत होती, "दस ना, दस ना, बेन," म्हणजे दहाचाच. मी चरफडत घरी आले. किंमतच हलत नसेल तर मी आलेख कशाचा काढू? तिच्या सुकटीला अर्थशास्त्र माहीतच नव्हतं.

शेवटी मी तिलाच विचारलं, "मावशी, माल कमी असला तरी तू भाव का वाढवत नाहीस?"

"भाव कशाला वाढवू बाय?" ती म्हणाली. "बारा रुपये बोलली तर लोक भांडत बसतात, वर दोन सुट्टे कुठून आणू? दहाची नोट बरी. वाटा जरा लहान करायचा. डोळ्याला कळतं, पण तोंडाने कोण बोलत नाही."

रविवारी मी हे सरांना सांगितलं आणि म्हटलं, आमच्याकडे तुमचा नियम लागू नाही. सर तर खूश झाले. म्हणाले, "अहो ताई, वाटा लहान झाला म्हणजेच किंमत वाढली! वजन करून बघा."

आता वजन करायचं म्हटलं तर माझ्याकडे काटा एकच, अंगणवाडीतला. वर आढ्याला टांगायचा, खाली झोळी, झोळीत पोर. मी पोराच्या जागी सुकटीचा वाटा ठेवला. काटा जागचा हलला नाही. सुकट म्हणजे वारा, त्या काट्याला ती दिसलीसुद्धा नाही. मग मी पुढच्या बाजाराला पाच वाटे एकदम घेतले, एकत्र बांधून झोळीत ठेवले, तेव्हा काटा कुरकुरत जरा खाली आला. मला इतका आनंद झाला की मदतनीस बाईला हाक मारून दाखवला. तिने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खिचडी ढवळायला गेली.

घरी रोज सुकट होऊ लागली. सुकट कांदा, सुकट वांगं, सुकटीची चटणी. नवरा म्हणाला, "परीक्षा तुझी, आणि अभ्यास मी खातोय."

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. मे अखेरीला मुख्यसेविका मॅडम अचानक तपासणीला आल्या. त्यांनी एका बाळाला स्वतः झोळीत ठेवलं, काट्याकडे बघितलं, आणि त्यांचं नाक आक्रसलं. झोळी मी धुतली होती, एकदा नाही, दोनदा. पण सुकटीचा वास म्हणजे पाहुणा नव्हे, तो राहायलाच येतो.

"हा कसला वास आहे?" मॅडमनी विचारलं.

मदतनीस बाई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तो ताईंच्या परीक्षेचा वास आहे, मॅडम."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमना सगळं सांगावं लागलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या हसल्या. "झोळी नवीन शिवून घ्या," म्हणाल्या. "आणि हो, पुढच्या महिन्यापासून गरोदर बायांची आणखी एक नोंदवही ठेवायचीय. काम एवढंसंच आहे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दर वेळी काहीतरी नवीन आणायच्या आणि दर वेळी ते एवढंसंच असायचं. मी मनात म्हटलं, तुमची खुर्ची मला मिळू दे, मग सांगते एवढंसं म्हणजे केवढं असतं.

सुकटीचं गणित मात्र आता बसायला हवं होतं. वाटा लहान होत होता, म्हणजे सरांच्या हिशेबाने किंमत चढत होती, म्हणजे गिऱ्हाईक कमी व्हायला हवं होतं. पण जूनच्या पहिल्या बाजाराला मावशीभोवती अशी झुंबड की मला तिचा कागद दिसेना. चिमूटभर वाटा, आणि बाया चार-चार, सहा-सहा उचलत होत्या. मी पण चार उचलले, मग लक्षात आलं की मी अभ्यासाला आलेय.

"महाग केलंस तरी गर्दी जास्त कशी?" मी मावशीला विचारलं.

"आता पावसाच्या होड्या बंद, सुकवणं बंद. मग चार महिने काय खाणार?" ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला इतकंही कळू नये याचं तिला वाईट वाटलं असावं.

सर म्हणाले, इथे इतर परिस्थिती स्थिर राहिली नाही. मला वाटलंच होतं.

त्याच बाजारात आणखी एक गोंधळ पदरात पडला. बाजार उठताना मावशीकडे थोडा चुरा उरला होता. मला तो हवा होता, पण पैसे संपले होते. माझ्या पिशवीत घरचे वाल होते, नणंदेला द्यायला आणलेले. मावशी म्हणाली, "वाल दे, चुरा घे." दिले, घेतला. ती खूश होऊन गाडीकडे गेली, मी खूश होऊन पाड्याकडे. वाटेत मला विचार पडला की आमच्यातली फसली कोण? लहानपणापासून मला एवढंच ठाऊक होतं की एकाचा फायदा झाला तर दुसऱ्याचा तोटा झालेला असतो. सरांनी व्यापाराच्या धड्यात नेमकं उलटं लिहून दिलं होतं, देवघेवीत दोघांचाही फायदा होतो. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं, मग तोटा जातो कुठे? त्यावर सरांनी लाल पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. नणंद मात्र वाल न मिळाल्याबद्दल बरंच बोलली, तेव्हा तोटा तिचा झाला असं धरून मी तो विषय मिटवला.

पुढच्या वर्षी परीक्षा डहाणूच्या एका कॉलेजात होती. मागणीचा नियम मी पुस्तकात होता तसा लिहिला, शेपटासकट. सुकटीला हातही लावला नाही. दुसरा प्रश्न पुरवठ्याचा होता: नियम स्पष्ट करा आणि आपल्या परिसरातलं उदाहरण द्या. नियम सोपा होता. किंमत चांगली मिळाली की विकणारा जास्त विकतो, कमी मिळाली की कमी विकतो. उदाहरण म्हणून मी मावशी लिहायला घेतली. लिहिलं की आमच्याकडे दहा रुपये तसेच राहतात आणि वाटा लहान होतो.

आणि तिथे माझं पेन अडलं.

मला माझं स्वतःचं आठवलं. मी अंगणवाडीत लागले तेव्हा पोरांना खिचडी द्यायची, गाणी शिकवायची, वजनं घ्यायची. मग लसीकरणाच्या दिवशी घरोघरी फिरणं आलं. मग सर्वेक्षण आलं, मतदार याद्या आल्या, शौचालयांची मोजणी आली, नोंदवह्यांवर नोंदवह्या आल्या. मानधन अधूनमधून जरासं हललं असेल, पण कामापुढे ते जागच्या जागी होतं. म्हणजे मीसुद्धा वाटाच होते. मावशीचा वाटा दहा रुपयांत दिवसेंदिवस लहान होत होता आणि माझा दहा रुपयांतच मोठा होत चालला होता. मी भर परीक्षेत रडवेली झाले. पर्यवेक्षक पाणी हवंय का म्हणून विचारून गेले.

मी हेच उदाहरण लिहिलं. पण लिहिता लिहिता गुंतत गेले, कारण नियमाप्रमाणे मी पुरवठा कमी करायला हवा होता. गुजरातच्या सरहद्दीपलीकडच्या कंपनीत पॅकिंगला बाया घेत होते, तिथे माझ्यापेक्षा जास्त मिळत होतं. आमच्यातल्या दोघी गेल्यासुद्धा. मी का नाही गेले? पोरांचा लळा म्हणावा तर त्या दोघींनाही होता. मान म्हणावा तर तो फक्त पंधरा ऑगस्टला मिळायचा. पुढे मुख्यसेविका होण्याची आशा म्हणावी, तर ती नव्हती तेव्हाही मी गेले नव्हते. शेवटी मी लिहिलं, "विकणारी काम का वाढवत जाते याचं कारण तिला सांगता येत नाही." तेवढ्यात घंटा झाली.

मी पास झाले. काठावर. त्या उदाहरणाला गुण मिळाले की ते सोडून बाकीच्याला, हे मला आजही माहीत नाही. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "बघा, शेवटी समजलं ना?" मी हो म्हटलं. त्या भल्या माणसाला आनंदाच्या दिवशी कशाला दुखवायचं?

पुढचं सगळं मनासारखं झालं. खात्याची परीक्षा वयाच्या अटीत बसली, यादीत नाव आलं, आणि २०१९ मध्ये मी मुख्यसेविका झाले. नवऱ्याने मावशीकडून आणलेल्या बोंबलांचं कालवण केलं. पहिला पगार झाला त्या दिवशी मी सुकट घ्यायला गेले, तर मावशीने मुद्दाम वर एक मूठ जास्त टाकली. वाटा दहाचा राहिला नव्हता, आता वीसचा होता.

त्याच महिन्यात मी पहिली बैठक घेतली. तलासरीच्या सभागृहात माझ्या बीटच्या, म्हणजे माझ्याकडे दिलेल्या गावांच्या, सगळ्या सेविका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. मी पहिल्यांदाच खुर्चीवर. वरून आलेला कागद वाचून दाखवायचा होता: मुलांची माहिती आता मोबाइलमध्ये रोज भरायची, आणि वहीतही लिहीत राहायची. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं की त्यांना नीट सांगेन, त्यांच्या बाजूने बोलेन, मॅडमसारखं बोलणार नाही.

मी वाचून संपवलं. मागच्या रांगेतून माझ्याच वयाची एक सेविका म्हणाली, "आणि मानधन, मॅडम?"

"आहे तेवढंच," मी म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. "काम तरी काय, एवढंसंच आहे."

वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. त्या सेविकेने मान डोलावली. मी वाट बघत राहिले की आता कुणीतरी उठेल, भांडेल, निदान नको म्हणेल. सगळ्यांनी वह्या उघडल्या, माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं. एकही उठून गेली नाही.