पोपट, गवती चहाचं तेल आणि माझं नाक

पाखरं पाळणाऱ्यांच्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. बाजरीची फोलं आणि किस्से. फोलं सोफ्याखाली सापडतात, चपलेत सापडतात, एकदा तर माझ्या चष्म्याच्या घरात सापडली. किस्से मात्र रविवारी सकाळी गोव्यातल्या लाटंबार्से गावात, गुरुदासच्या पडवीवर सापडतात.

आम्ही तिथे चौघे जमतो. गुरुदासची काजूची बाग आहे. प्रेमाताई पेडण्याच्या, घराच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात आणि ओसरीवर लव्हबर्ड्स पाळतात. शिवाजी पाटील मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याच्याकडे बजींची, म्हणजे चिमणीएवढ्या पोपटांची, जोडी आहे. चौथा मी, डिचोलीत राहणारा, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडे बाबल नावाचा पिवळ्या तुऱ्याचा, कॉकटील जातीचा पोपट आहे. सगळी पाखरं परदेशी जातीची. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो गुरुदासच्या माडावर तसाही फुकट येऊन ओरडतो.

अडचण एवढीच, की यातल्या बहुतेक किश्श्यांत हसं माझंच होतं. ते आपणच सांगावेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते तिघे सांगतात तेव्हा आणखी वाईट होतात, म्हणून मीच सांगतो.

*

माझी पीएचडी गवती चहाच्या तेलावर आहे. ते तेल गवतातून कसं काढायचं, त्यात काय काय असतं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांसमोर दोन बंद बाटल्या तिरक्या करायचो. "बघा, तेल काचेला धरून सावकाश उतरतं. पाणी पळतं. झाकण न काढता एवढं कळलं पाहिजे." मुलं मागे माझी नक्कल करायची, हे मला माहीत होतं.

गुरुदासकडे तेव्हा चिंगी नावाची कॉकटील होती. खांद्यावर बसून बागभर फिरायची. एकदा तिच्या पिंजऱ्यात बारीक किडे झाले. गुरुदास म्हणाला, "सर, तुमी ह्यातले डॉक्टर. काय लावू?"

मी कपाटातून तपकिरी बाटली काढून दिली. गवती चहाचं तेल, लेबल माझ्या अक्षरातलं. म्हटलं, "पाण्यात थोडे थेंब टाक आणि पिंजरा पूस. नैसर्गिक आहे, निर्धास्त वापर."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, चिंगी गेली."

मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांनी प्रेमाताईंनी म्हापशाच्या एका पशुवैद्य बाईंना आमच्या रविवारी बोलावलं. बाई तरुण, पण बोलणं करवतीसारखं. म्हणाल्या, पाखराच्या श्वासाची रचनाच वेगळी. आपल्याला जो वास मंद वाटतो तो त्याला जड जातो. निलगिरी, टी ट्री, गवती चहा, लव्हेंडर, काहीही पिंजऱ्याजवळ नको, पिसांवर तर नकोच. खोलीत सुगंधी तेलाची वाफ सोडणारा डिफ्युझर नको. हाताला तेल लागलं असेल तर साबणाने हात धुवा, मग पाखराला धरा. पिंजऱ्याला साधं साबणपाणी, नीट खळबळलेलं, पुरे. आणि पाखरू फुगून बसलं, श्वासाबरोबर शेपूट हलायला लागली, तर घरचे उपाय करत बसू नका, घेऊन या.

मी का विचारलं कोण जाणे, पण विचारलं, "तेल नैसर्गिक असलं तरी?"

"काजूच्या टरफलाचं तेलही नैसर्गिकच असतं, सर. ओठाला लावून बघा."

प्रेमाताई आणि शिवाजी खो खो हसले. गुरुदास किटलीतून चहा ओतत होता. त्याने मान वर केली नाही.

त्या दिवशी चहात गवती चहा नव्हता. त्याच्याकडे तो नेहमी असायचा. विहिरीजवळ केवढं तरी बेट होतं. मी म्हटलं, "आज गवती चहा नाही वाटतं?"

"डुकरांनी उकरला मरे सर. मुळासकट."

रानडुकरं कंद उकरतात हे खरं. ती गवती चहाच्या वाटेला गेल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. अर्थात मी सगळंच कुठे वाचलंय?

तेव्हापासून गुरुदासने दुसरं पाखरू आणलं नाही. चिंगीचा पिंजरा पडवीत रिकामाच टांगलेला असतो. आणि मी दर रविवारी त्याच्या खाली बसून, गुरुदास आज बोलेल की पुढच्या रविवारी, याचा अंदाज करत बिनगवताचा चहा पितो.

*

त्यानंतर माझ्या नाकाने मला सुखाने बसू दिलं नाही. कुठे जरा वास आला की मी उठून त्याच्या मागे जायचो.

प्रेमाताईंकडे एक जोडपं आठ दिवस राहायला आलं होतं. मनःशांतीसाठी. त्यांच्या खोलीच्या दारातून मला लव्हेंडरचा वास आला. ओसरीवर लव्हबर्ड्सचा पिंजरा, मधे फक्त एक पडदा. मी दाराच्या फटीशी नाक नेलं. खात्री करण्यासाठी आणखी दोनदा नेलं. तिसऱ्यांदा दार उघडलं.

मी नम्रपणे त्यांना पाखरांच्या श्वसनसंस्थेबद्दल सांगितलं. थोडं लांबलं असावं. त्यांनी डिफ्युझर बंद केला, हे मात्र खरं.

प्रेमाताई पिंजरा उचलून मागच्या अंगणाकडे घेऊन जाताना म्हणाल्या, "सर, तुमी माझो धंदो बुडयतलात."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत पाटी लावली: 'बिअर चालेल. गाणी चालतील. सुगंधी तेल चालणार नाही.'

जोडपं गेल्यावर त्यांनी इंटरनेटवर घराबद्दल अभिप्राय लिहिला. प्रेमाताईंनी तो रविवारी मोठ्याने वाचून दाखवला. "जागा स्वच्छ. माशाची कढी उत्तम. मालकीणबाई प्रेमळ. फक्त दारात एक म्हातारा वास घेत उभा असतो."

*

शिवाजीचा किस्सा तो स्वतः कंपनीतल्या सगळ्यांना सांगून बसला आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. बजी एरवी एवढा कलकलाट करतात की शेजारी भिंत ठोकतात. त्या दिवशी दोघेही कोपऱ्यात चिकटून गप्प. आणि खोलीत सिट्रोनेलाचा, म्हणजे गवती चहाच्या भावंडाचा, वास. स्पष्ट. या वासात मी आयुष्य काढलंय.

"शिवाजी, फरशी कशाने पुसलीस?"

"साध्या पाण्यानं, सर."

"डासांची कॉइल?"

"आता मच्छरदाणी हाय की."

"उदबत्ती? बाम? केसांना काही?"

"सर, केसच कुठं ऱ्हायल्यात."

मी खाटेखाली वाकून पाहिलं. मोरी पाहिली. साबणाचा वास घेतला. त्याच्या कपड्यांच्या पिशवीचा घेतला. माणूस लपवतोय, याबद्दल माझी खात्री होत चालली होती. मी जसजसा पिंजऱ्याकडे जाई तसतसे बजी आणखी आक्रसत, आणि वास मी जाईन तिथे येई. म्हटलं, "हे बघ, चूक कोणाकडूनही होते. पण लपवू नये."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

शिवाजी उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने सावकाश एक श्वास घेतला. "सर, वास हाय खरा. पर तुमच्या कॉलरचा येतोय."

संध्याकाळी डास चावतात म्हणून सुधा, माझी बायको, निघताना माझ्या शर्टाला काहीतरी लावते. मी बाहेर गेलो. शिवाजीने खिडकी उघडली. थोड्या वेळाने आतून बजींचा कलकलाट सुरू झाला, तो मी जिन्यात उभा राहून ऐकला.

*

सुधाला गुडघ्याचं जुनं दुखणं आहे आणि थंडीत सर्दी होते. निलगिरीची वाफ ती मागच्या पडवीत, कपडे धुवायच्या दगडाजवळ बसून घेते. डोक्यावरून चादर. शेजारीण एकदा कुंपणावरून म्हणाली, "वयनी, भांडलात काय गो?"

"भांडायला घरात घेतलं पाहिजे ना," चादरीच्या आतून उत्तर आलं.

चवथीचं तर विचारूच नका. गणपती बसतो, वर माटोळी बांधलेली, तिच्यात रानातली फळं आणि फुलं. भावकी जमते, आरती होते, कापूर लागतो. मी काय करू? आरत्या अर्ध्यावर आल्या की मी हळूच बाबलचा पिंजरा उचलतो आणि अंगणापलीकडे गोठ्याच्या खोलीत नेऊन ठेवतो. वास पूर्ण गेल्याशिवाय परत आणत नाही. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी आमच्या काकीने मला दारातच गाठलं. काकी नव्वदीची, पण नजर अजून सुई ओवते.

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कापूर पेटयलो की भुतां पळतत. ह्या घरातलो पोपट कित्याक पळता?"

गुरुदासही त्या दिवशी दर्शनाला आला होता. सगळे हसत होते. तो माझ्या मागून गोठ्यापर्यंत आला आणि पिंजऱ्यावर टाकायला त्याने खांद्यावरचं उपरणं दिलं. "वारो लागता त्याका," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, आता बोलेल. तो बाबलच्या तुऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग आरती संपल्याचा आवाज आला.

*

गेल्या महिन्यात सुधाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मला दवाखान्यात तिच्यासोबत राहायचं होतं. बाबलला कुठे ठेवायचं? मुलगा वास्कोला असतो. त्याच्या घरी प्रत्येक खोलीत भिंतीला सुगंधी यंत्र टोचलेलं. प्रेमाताईंच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. शिवाजी गावी गेलेला.

"गुरुदास आहे की," सुधा म्हणाली.

"त्याच्याकडे कसं ठेवायचं?"

"का? त्याच्या घरात कसला वास आहे?"

मी बाबलच्या वाटीतली फोलं फुंकू लागलो. गुरुदास सोडला तर सगळं फक्त तिलाच माहीत होतं; बाटलीचं, थेंबांचं, निर्धास्तचं. त्या दुपारी ती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली आणि बराच वेळ बोलत होती. आल्यावर मी विचारलं, "कोण?"

"गुरुदास. बाजरी कुठे मिळते ते विचारत होते."

बाजरी सुधा गेली पाच वर्षं डिचोलीच्या एकाच दुकानातून आणते, आणि ते दुकान गुरुदासनेच दाखवलेलं.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी बाबलला घेऊन लाटंबार्स्याला गेलो. चिंगीचा पिंजरा पडवीतून उतरवलेला, घासलेला, उन्हात वाळत होता. मी सवयीने स्वयंपाकघरापर्यंत वास घेत गेलो. फणसाची भाजी आणि चुलीचा धूर, एवढंच. चूलही गुरुदासने मागच्या दाराबाहेर नेली होती.

परत पडवीत आलो तर तो बाकावर बसला होता. शेजारी माझी तपकिरी बाटली. लेबल पिवळं पडलेलं, अक्षर माझंच. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"सर, ही तुमची बाटली. माळ्यावर गावली. त्या वेळी वापरायची राहूनच गेली. एक थेंब काढूंक ना."

मी बाटली हातात घेतली. गळ्यापर्यंत भरलेली होती. चिकटपट्टी मी लावली होती का, ते काही केल्या आठवेना. लावली असेल. हात आपसूक वळला आणि मी ती उजेडासमोर तिरकी केली.

आतलं पळालं.

पुन्हा सरळ केली. पुन्हा तिरकी केली. या बाजूने पळालं, त्या बाजूने पळालं.

गुरुदास माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने चिकटपट्टीच्या टोकाखाली नख घातलं. "उघडून दाखवू, सर?"

पिंजरा माझ्या पायाशी होता. आत बाबल तुरा उभा करून आम्हा दोघांकडे बघत होता.

"नको," मी म्हटलं. "बाबल जवळ आहे."

आणि मी पिंजरा उचलून त्याच्या हातात दिला.