ढेकर द्यायचा नाही

आत्माराम शिवलकराला शिसारी यायला कारण लागत नसे. जन्मभर मचव्यावर खलाशांचा तांडेल म्हणून राबला, पण दुसऱ्याच्या पेल्याला कधी ओठ लावायचा नाही. कालवणात केस निघाला की ताट तसंच परसात. ‘शी! शी!’ हा त्याचा जप, आणि त्याची बायको राही तो लग्न झाल्यापासून ऐकत आलेली.

असल्या माणसाचं पोट दुखायला लागावं, तेही रिसबूड डॉक्टरांनी रत्नागिरीत पोटातला फोटो काढायचं यंत्र आणल्यावर! डॉक्टरांनी त्याला पांढरं औषध पाजलं, वर सोड्याची पूड दिली.

“पोट वाऱ्यानं फुगलं पाहिजे, तरच आतल्या वळ्या उलगडतील. ढेकर द्यायचा नाही.”

आता सांगा, भिंतीला फासायच्या चुन्यासारखं ते बुळबुळीत पाणी, तेही टवका उडालेल्या पेल्यातून! आत्मारामानं कसंबसं गिळलं आणि खणखणीत ढेकर दिला. झालं! फुगलेलं पोट बसलं. पडद्यावर मात्र एक गोळा दिसला.

“गाठ असावी,” डॉक्टर म्हणाले, “पण पोट फुगल्याशिवाय खात्री नाही. सकाळी काही खाल्लं होतंत?”

“छे! काय पण नाय. पेज तेवढी प्यायलो.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

“अवो, पेजेला कोण खाणं म्हणतं?” राही कळवळली. आजारी माणसाला रिकाम्या पोटी कसं धाडायचं, म्हणून तिनंच पहाटे उकड्या तांदळाची पेज वाडगाभर पाजली होती.

“तर मग तो गोळा पेजेचा, नाहीतर गाठीचा. परवा पोट कोरं ठेवून या. तेव्हाही दिसला तर घाटावर जाऊन पोट चिरावं लागेल.”

आत्मारामाचा थोरला भाऊ भागोजी असाच घाटावर पोट चिरायला गेला होता. परत आली ती नुसती त्याची वळकटी.

तिसऱ्या दिवशी पहाटे राहीनं चूल पेटवलीच नाही. दवाखान्यात पुन्हा तोच पेला पुढे आला. काठावर कुणाच्या तरी पानाचा लाल डाग! आत्मारामानं तोंड फिरवलं. शिरा पडो या पेल्यावर! पण डोळ्यांसमोर ती वळकटी आली. त्यानं डोळे मिटले आणि सगळं घशाखाली लोटलं.

पुडीनं पोट टम्म झालं. आंबट ढेकर घशाशी आला. त्यानं तो गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. स्वतःचाच ढेकर गिळायचा, शी! बाहेर विजेचं इंजिन धडधडत होतं. डॉक्टरांची गार बोटं पोट दाबत होती, त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होती. दारात राही पदराचं टोक दातांत धरून उभी होती.

“धरा… अजून धरा… फुगलं! सगळ्या वळ्या उलगडल्या. गाठबिठ काही नाही हो, पेजच होती ती. एक जखम आहे, ती औषधानं भरेल. द्या आता ढेकर!”

आत्मारामाला ढेकर येईना. रडूच आलं. पांढऱ्या मिशांवर पांढरं औषध, त्यावरून आसवं.

राही धावत आली आणि हातातल्या पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली. पदराचं तेच टोक, तिनं इतका वेळ चावलेलं, लाळेनं ओलंगिच्च. आत्माराम तोंड पुढे करून गप बसून राहिला.